चौथीच्या वर्गासाठी खणलेला खड्डा

आप्पा, तुम्ही चुकीच्या जागी बसला आहात. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि या घरात सासऱ्यासमोर तोंड वर करून बोलणारी मी एकटीच. तुमच्या लेकाला ते जमणार नाही. वन्सं, तुमची लाडकी लेक, पालीहून आल्या त्या हात जोडूनच. अव्वांचं, सासूबाईंचं, तर विचारूच नका, जोडीदार गेल्यापासून त्या नुसत्या भिंतीकडं बघत बसायच्या. म्हणून सुनेनंच सांगायचं. ती जागा तुमची नव्हती. ती चौथीच्या वर्गाची होती.

दिवाळी झाली आणि तुम्ही गेलात. आता संक्रांत तोंडावर आली, आणि कालपर्यंत मी रडले नव्हते. गल्लीतल्या बाया म्हणतात, शिकलेली आहे, काळीज दगडाचं असतं त्यांचं. म्हणू द्या. मला रडायला सवड कुठं होती? तुमच्या लेकानं ट्रॅक्टर सांगून ठेवलाय. संक्रांत झाली की मोसंबी उपटायची आणि ऊस लावायचा. बेणंसुद्धा ठरलंय. "एक शाळा येऊ दे," म्हणाले, "एक जरी आली तरी मी थांबतो." एकही येईना, आप्पा. मागच्या हिवाळ्यात शाळांना तारखा देता देता आपल्या नाकी नऊ आले होते, आणि औंदा एक नाही. कावून येईना म्हणाल, तर तुम्ही तिथं बसलात म्हणून.

आठवतं का, हे सगळं एका भुईमुगावरून सुरू झालं. मी लग्न होऊन आलेली, डी.एड. झालेली, आणि हाताला नोकरी नाही. संस्थावाल्यांना द्यावं लागतं ते आपण द्यायचं नाही, असं तुम्ही ठरवलंत आणि मलाही ते पटलं होतं. मग माजलगावच्या एका नव्या इंग्रजी शाळेत मी तात्पुरती शिकवायला जायचे. तेव्हा या शाळा कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या. घरांवर टीव्हीच्या थाळ्या आणि गल्लीत टाय लावलेली लेकरं. एक दिवस मी वर्गाला म्हटलं, भुईमुगाचं झाड काढा. सगळ्या वर्गानं झक्क झाड काढलं आणि फांद्यांना आंब्यासारख्या शेंगा लटकवल्या. एकानं तर शेंगा पाडायला खाली काठी घेतलेला माणूस उभा केला होता. ते कागद मी आपल्या दुकानात आणून तुमच्यापुढं टाकले. तुम्ही खोकला येईस्तोवर हसलात. मग चष्मा पुसायला लागलात.

"ह्यांचे बाप काय करत्यात गं?"

"कुणी कारखान्यात आहे. कुणी मोंढ्यात अडत्या."

"म्हंजी शेंगाच इकत्यात की!" तुम्ही गल्ल्यावर हात आपटलात. "अन् लेकरांला ठाऊक न्हाई शेंग कुठं लागती? आण त्यांला आपल्या बागंत. एकेकाला झाड उपटायला लावतो."

मी म्हटलं, आप्पा, शाळेच्या सहली वेरूळ-अजिंठ्याला जातात. दिंद्रुडच्या बागेत कोण येईल? तुम्ही म्हणालात, "लेणी काय पळून चाललीत का? आधी शेंग बघू दे, मंग लेणी."

गाव किती हसलं आपल्याला. कालव्याचं पाणी आल्यापासून सगळ्यांनी ऊस धरला होता. माळाकडच्या आपल्या एकट्या तुकड्यात मोसंबी, कडेनं पेरू, बांधाला सीताफळ. त्यावरच लोक हसायचे. त्यात ही पाटी लागली, 'या, शेत शिका'. पारावरचे तुमचे जोडीदार म्हणाले, "काय बे शेठ, शेत बघायला तिकीट? उद्या म्हस बघायला बी लावशील." तुम्ही म्हणालात, "म्हशीला कशाला, तुलाच बघायला लावतो. लई गर्दी होईल." पाटीच्या खाली तुम्हाला 'उधार बंद आहे' असंही लिहून पाहिजे होतं. दुकानाच्या पाटीवर आहे, मग हितं कावून नको? पेंटरनं ब्रश भिजवलासुद्धा होता. मी आडवी आले म्हणून ते राहिलं.

आणि ती पहिली सहल, अगं बाई! तुम्ही परीटघडीचं धोतर नेसून, टोपी घालून, कपाळाला विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढून बागेच्या तोंडाशी उभे. लेकरं बसमधून उतरून रांगेनं आली. जन्म दुकानात गेलेला माणूस, तुमच्या तोंडातून काय निघावं? "या, या. काय पाहिजे?"  मग मागून एक बारीक आवाज आला, "मला शूला जायचंय." ती लागण सगळ्या रांगेला झाली, आणि अर्धी सहल त्यातच गेली. पण तुम्ही मुद्दाम पाणी देऊन राखलेला भुईमुगाचा वाफा होता ना, त्यात लेकरं शिरली, झाडं उपटली आणि मुळ्यांना लटकलेल्या शेंगा वर आल्या. तेव्हा जी किंकाळी फुटली, ती ऐकून शेजारच्या उसातले कोल्हे पळाले असतील. तुम्ही माझ्याकडे बघितलंत.  घरी जाताना बैलगाडीत गुणगुणत होतात.

खड्डा सगळा तुमचा. माझं त्यात काही नव्हतं. लेकरांना मातीचे थर शिकवायला मी एक रंगीत तक्ता केला होता, वर काळी, खाली भुरी, त्याखाली मुरूम. लेकरं तक्त्याकडं ढुंकून बघायची नाहीत, सगळा जीव पेरूत. तुम्ही सहली आल्या-गेल्या तसं ते बघत होतात. एक दिवस म्हणालात, "कागद कावून दाखवतीस? जिमीनच कापून दाखवू." आणि स्वतः टिकाव घेतलात. बागेच्या टोकाला, लिंबाच्या झाडापासून जरा अलीकडं, पुरुषभर खोल. एका अंगानं पायऱ्या, बारक्या लेकराचा पाय पुरेल अशा बुटक्या. थर दिसावेत म्हणून भिंती तासून गुळगुळीत केल्या. आणि समोरच्या भिंतीत एक गोखला, देवाच्या कोनाड्यासारखा पण मोठा, माणूस मांडी घालून बसेल एवढा. वर ऊन तापत असताना जमीन पोटात किती गार असते, ते लेकरांना कळावं म्हणून.

आधी तुम्ही बसून दाखवायचात. "हे बगा, मी बसलो. कसं गार लागतंय." डोळे मिटायचात. लेकरं टाळ्या पिटायची. मग हातावर जोर देऊन उठायचात, धोतर झटकायचात. "हे बगा, उठलो. चला, आता तुमची पाळी." मग एकेक लेकरू पायऱ्या उतरून त्या गोखल्यात बसायचं, डोळे मिटायचं, तुमच्यासारखंच उठून चड्डी झटकायचं. घरी जाऊन लेकरांनी आईबापाला काय सांगितलं? मोसंबी नाही, बैलगाडी नाही. खड्डा. पुढच्या शाळा आल्या त्या खड्डा कुठाय विचारतच आल्या.

आपलं भांडण मात्र त्यातल्या पांढऱ्या रेघेवरून. काळ्या मातीच्या खाली, लेकरांच्या खांद्याला येईल असा चुनखडीचा पट्टा निघाला होता. तुम्ही दर सहलीला त्यावर बोट ठेवायचात, "हा बहात्तरचा दुष्काळ. त्या साली जिमीन अशी पांढरी पडली." लेकरं हळूच हात लावायची. माझा इकडं जीव खालीवर. अहो, ती चुनखडी आहे. असा थर बसायला हजारो वर्षं लागतात. बहात्तर साल एवढ्या खाली कसं जाईल? शिकवते म्हणून मी शाळा बोलावते, आणि तुम्ही खुशाल थापा मारता!

"थाप न्हाई ती. लेकरांला दुष्काळ कुठं दाखवू मंग?"

"म्हणून खोटं दाखवायचं?"

"तुझ्या हजार वर्साचं त्यांला काय कळतंय? आज्याचं साल सांगितलं तर घरी जाऊन आज्याला इचारत्यात."

"आणि त्यांच्या बाईंनी पुस्तक उघडलं तर?"

"बाई बी आपल्या आज्याला इचारतील."

तुमच्यापुढं कुणी बोलावं! अव्वा चुलीपुढं बसून पदरात तोंड घालून हसायच्या. पण मी बरोबर होते, आप्पा. आजही मी बरोबर आहे. तुम्ही गेलात म्हणून चुनखडीचा दुष्काळ होत नाही.

शेवटचं बोलणंही तेच झालं. औंदाच्या सहली ठरवायला मी बीडला निघाले होते. तुम्ही दुकानाच्या फळ्या काढत होतात. मी जाता जाता म्हटलं, "आप्पा, औंदा तरी लेकरांना चुनखडी सांगा." तुम्ही मानसुद्धा वर केली नाहीत. "तू शाळा तर आण, मास्तरीण. मंग बघू."

मी शाळा आणल्या होत्या. बीडच्या दोन शाळा त्या दिवशी हो म्हणाल्या. एसटीत मी मनातल्या मनात तुमच्याशी बोलत आले, आता आप्पांना सांगते, ठरल्याप्रमाणं चुनखडी. फाट्यावर उतरले तर आपलं दुकान बंद. चहावाल्यानं मला बघितलं आणि मान खाली घातली. बागेत मोटार चालू करताना छातीत कळ आली म्हणे. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. आणि दिवस मावळायच्या आत उरकायचं म्हणून माझ्यासाठी कुणी थांबलं नाही. वन्संसाठी जीप पाठवली. पालीला जायचं म्हणजे बीडवरूनच जावं लागतं. मी ज्या शाळेत मोठ्या बाईंपुढं बसून बागेचं कौतुक सांगत होते, त्याच रस्त्यानं ती जीप गेली असेल. मला तुमचं तोंड बघायला मिळालं नाही.

आपल्यात माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, तळहातावर लिंग ठेवतात, बेल-विभूती वाहतात आणि आपल्याच शेतात माती देतात. त्याला खड्डा लागतो, उतरायला पायऱ्यांचा, बसवायला गोखल्याचा. माणसं टिकाव-फावडी घेऊन बागेत गेली आणि बघतात तर काय, सगळं तयार. हे घरी कळताच वन्संनी अंगणातच लोटांगण घातलं. "आप्पाला कळलंतं गं माय! सोताच्या हातानं जागा करून ठेवली माझ्या आप्पानं!" तिकडं विधी करायला आलेल्या स्वामींनी हात जोडले. माणसांनी हरहर महादेव केला. आणि तुमचा लेक, ज्यानं मागच्या वर्षी हात धरधरून लेकरं त्या पायऱ्या उतरवली, तो काय म्हणाला? काही नाही. मी नंतर विचारलं तर म्हणतात, "समदे रडत होते. मला वाटलं, असंल." असंल! बापाला लेकरांच्या शाळेत पुरलं आणि म्हणे असंल.

मी धावत बागेत गेले तेव्हा पायऱ्या नव्हत्या, गोखला नव्हता, पांढरी रेघ नव्हती. नुसता मातीचा ओला ढीग, वर बेलाची पानं आणि उदबत्त्या. मी ओरडले, "अहो, हा शाळेचा खड्डा आहे, काढा त्यांना!" माझ्यामागं धावत आलेल्या बायांनी मला दोन्हीकडून धरलं. धक्का बसलाय बिचारीला, म्हणाल्या, पाणी पाजा.

एक विचारू का आप्पा? मला कधी शंका आली नाही, कारण आपल्याकडं बायका मातीला जात नाहीत. तसला खड्डा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पण तुम्ही? गावातल्या प्रत्येक मयतीला तुम्ही पुढं. कितीजणांना तुम्ही आपल्या हातानं बसवलंत. गोखला कोरताना तुम्हाला काहीच वाटलं नाही? का माणूस बसायचा खड्डा म्हणजे असाच, हे तुमच्या हाताला एवढं पाठ होतं, की लेकरांसाठी खणायला गेलात आणि हात आपोआप तसेच चालले? मी या दुसऱ्यावर विश्वास ठेवते. वन्संचं खरं असेल तर मग सगळी लेकरं तुम्ही तुमच्या समाधीत बसवून घेतलीत, आणि असलं काही तुम्ही करणार नाही. पण डोक्यात येतं. भाकरी थापताना येतं. तुम्हाला विचारल्याशिवाय ते जायचं नाही, आणि विचारू कुणाला?

पुढचं ऐका. सोमवार आला की लोक नारळ घेऊन यायला लागले. जित्तेपणी समाधी खोदणारा माणूस, म्हणजे साधासुधा असेल का? ज्यांनी तुम्हाला तिकिटावरून हसून घेतलं, तेच आता चपला काढून उभे राहतात. तुम्ही बघायला पाहिजे होतं, हसून हसून मेला असतात. बघा, काय बोलते मी.

ही गोष्ट माजलगावला पोचली, बीडला पोचली. माजलगावच्या मोठ्या बाईंचा एसटीडीवर फोन आला. "अहो, आमची मुलं तुम्ही समाधीत बसवली होती? पालक शाळेत येऊन भांडतायत." एका आईनं लेकराला ताईत बांधला. एकीनं शाळेच्या दारातच लेकराची दृष्ट काढली. मी फोनवर घसा फोडून सांगत होते, बाई, आधी खड्डा होता, समाधी मागून झाली. बूथवाला माझ्याकडं बघत होता. बाई म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे हो, पण पुढच्या वर्षी बघू." बीडच्या दोन्ही शाळांनीही तेच कळवलं. मग मी एकेका शाळेच्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. हातापाया पडले म्हणा. लाज गुंडाळून ठेवली. शिपाईसुद्धा मला बघितलं की आत जाऊन येऊन सांगायचे, मॅडम बैठकीत आहेत.

पुढच्या वर्षी कुठली बाग, आप्पा? पुढच्या वर्षी तिथं ऊस असेल आणि उसात तुमचा ओटा असेल. खड्ड्याशिवाय बाग दाखवावी, तर बाई म्हणतात, समाधी तर दिसतेच की. समाधी झाकता येत नाही आणि हलवता येत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की दुसरा खणायचा. तसाच, पायऱ्यांचा, गोखल्याचा, बागेच्या दुसऱ्या टोकाला पेरूकडं. पालकांच्या डोळ्यांसमोर उघडा. एक समाधी आहे तर असू द्या, हा खड्डा आहे. दोन्ही बघा आणि ओळखा.

एक मजूर येईना. "एक माणूस बसलाय तितं, अन् तुमी दुसरा खणायला लावता? न्हाई वहिनी." मग मी पदर खोचला. मला टिकाव चालवता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. तळहाताची साल निघाली. गुडघाभर खोल गेले नाही तोवर बांधावर माणसं जमली. कुणीतरी विचारलं, "ह्यो कुणाचा?" मी खणत राहिले, आणि तेच चुकलं. त्यांचं त्यांनी ठरवून टाकलं. आप्पा बसलेत, त्याच बागेत जोडीची जागा. सून सासूचा खड्डा आधीच खणायली!

दिवस मावळायच्या आत ते गावभर झालं. वन्सं पालीहून परत आल्या, या खेपेला हात न जोडता. "माझ्या मायला जित्ती पुरायली व्हय गं, बये?" तुमचा लेक आला आणि त्यानं माझ्या हातातून टिकाव हिसकावून घेतला. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला.

"लोकं काय म्हणायलेत ऐकलं का? माझ्या आईचा खड्डा खणती म्हणायलेत!"

"मग सांगा ना त्यांना, चौथीच्या वर्गाचा आहे म्हणून."

"पहिला बी चौथीच्या वर्गाचाच होता की!"

  त्यांचे डोळे लाल झाले होते. तुमचा तो भोळा लेक, दुकानात जो कुणाला वजनात कमी देत नाही, तो बापाला खड्ड्यात बसवून आला होता आणि तेव्हापासून रोज मोसंबीला पाणी देताना तिथून जात होता. त्याला ऊस करायची हौस नव्हती, आप्पा. त्याला ती बाग बघवत नव्हती. हे मला तेव्हा कळलं, आणि कळूनही माझा राग गेला नाही. मी म्हटलं, करा ऊस. मरू दे सगळं. आणि घरी जाऊन आडवी झाले.

सकाळी उठून बागेत गेले ते नुसती फावडी गोळा करायला. खड्ड्याच्या काठावर अव्वा बसलेल्या. एकट्या, घरून चालत आलेल्या. तुमच्या लेकानं लपवून ठेवलेला टिकाव त्यांच्या मांडीशी. तुम्ही गेल्यापासून त्या पहिल्यांदा बोलल्या.

"खण," म्हणाल्या. "अन् गोखला नीट कर. लेकरं टेकत्यात."

मी खणला. त्या दिवसभर काठावर बसायच्या, माती कुठं टाकायची ते बोटानं दाखवायच्या, आणि बांधावर कुणी आलं की त्याच्याकडं नुसतं बघायच्या. माणूस निघून जायचं. पुढं तुमचा लेकही खाली उतरला. पायऱ्या त्यांनी केल्या. बुटक्या, तुमच्यासारख्याच.

मग मी माजलगावला जाऊन मोठ्या बाईंना म्हटलं, मुलं आणू नका, तुम्ही या. ज्या पालकांना भीती वाटते त्यांना घेऊन या. बाईंना माझी कीव आली की काय, आल्या. बरोबर काही पालक. बांधावर अर्धं गाव, आणि वन्सं आघाडीला. मी पायरीवर उभी राहून थर सांगितले, काळी, चुनखडी, मुरूम.  एक बाप, चांगला शिकलेला, खिशाला पेन लावलेला, म्हणाला, "ते सगळं ठीक आहे ताई. पण गोखल्यात बसल्यावर काही होत नाही कशावरून? पहिल्यात बसायचे ते गेलेच ना?"  मी चुनखडीचं सांगू शकते, याचं नाही. मी बाईंकडं बघितलं. बाई घड्याळाकडं बघत होत्या. मला वाटलं, संपलं. माझ्या डोळ्यांपुढं ट्रॅक्टर आला.

तेवढ्यात माझ्या खांद्याला कुणीतरी बाजूला सारलं. अव्वा. भिंतीला धरून एकेक पायरी उतरल्या. गोखल्यापाशी गेल्या, वळल्या, बसल्या. पदर नीट घेतला, मांडी घातली, डोळे मिटले.  वन्संनी तोंडात पदर कोंबला होता. कपाळाला विभूती, मांडी घातलेली, मिटलेले डोळे, आप्पा, तुम्हालाही असंच बसवलं असेल, जे मी बघितलं नाही. माझं बघायचं राहिलं होतं ते अव्वांनी मला दाखवलं. त्या किती वेळ बसल्या कुणास ठाऊक. मी घाबरून हाक मारणार तेवढ्यात डोळे उघडले आणि हात पुढं केला.

"धर गं."

मी हात धरला. त्या उठल्या आणि लुगडं झटकलं. मग वर त्या पेनवाल्याकडं बघून म्हणाल्या, "बसले. अन् उठले. आता बसव तुझं लेकरू."

 पायऱ्या चढताना अव्वा थांबल्या. या खड्ड्यातही ती पांढरी रेघ निघालीय, त्यांच्या कमरेशी. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "अन् ह्यो बहात्तरचा दुष्काळ." माझ्या तोंडून, सगळ्या पालकांसमोर, सवयीनं निघून गेलं, "चुनखडी आहे ती, अव्वा!" बाई हसल्या. बांधावरचं कुणीतरी हसलं. आणि मला इतकं एकटं वाटलं आप्पा, की काय सांगू. भांडायला तुमची बाजू घेणारं माणूस आलं होतं, आणि तुम्ही नव्हता.

शनिवारी एक वर्ग येतोय. एकच, चौथीचा. ज्यांच्या घरचे हो म्हणाले तेवढीच मुलं. तुमच्या लेकानं ट्रॅक्टरवाल्याला अजून नाही म्हटलेलं नाही. "संक्रांत होऊ दे, मग बघू," म्हणाले. बेणं ठरलंय ते ठरलेलंच आहे. पुढं काय होईल मला माहीत नाही. एका वर्गावर बाग वाचते का? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, फिकीर कावून करतीस. फिकीर करायला मी एकटी उरलेय म्हणून करते.

आज सकाळी पायऱ्या झाडायला गेले होते. गोखल्यातली माती सैल तर नाही ना, लेकरं बसणार आहेत, म्हणून जरा बसून बघितलं. लई गार आहे ओ आप्पा. तुमचा होता तसाच. पलीकडच्या टोकाला तुमी तसेच बसलेले, मांडी घालून, आन हितं मी. तितं मला रडू फुटलं. इतके दिवसांचं एकदम. पेरूवरची पाखरं उडून गेली.

अव्वा बसल्या आन उठल्या. मी बी उठले, लुगडं झटकलं. शनवारी लेकरं एकेक बसतील आन उठतील. तुमी तर दर खेपेला उठायचात. टाळ्या पडल्या की हातावर जोर देऊन उठायचात अन् धोतर झटकायचात. जाताना मला म्हणालात, तू शाळा तर आण, मंग बघू. मी आणलीय शाळा. चौथीचाच वर्ग हाय. तुमाला काय सांगायचं ते सांगा त्यांला, दुष्काळ म्हणा, काय बी म्हणा, मी मधी बोलणार न्हाई. उठा की आता, आप्पा.